मन कोणत्या भाषेत मोजावे? : युरोपीय मानसशास्त्राचा विद्याव्यवहार आणि म्हैसूर–धारवाड

१९०९ साली जिनीव्हा येथे सहावी आंतरराष्ट्रीय मानसशास्त्र परिषद भरली. तिच्यापुढील विषयांत परिभाषेच्या एकवाक्यतेचा विषय होता, आणि तो मांडण्यात एदुआर क्लापारेद व अमेरिकेचे जेम्स मार्क बाल्डविन अग्रभागी होते. पॅरिस येथे १८८९ साली पहिली परिषद भरल्यापासून वीस वर्षे हे विद्वान एकमेकांच्या प्रयोगशाळांत जात-येत होते, एकमेकांची उपकरणे मागवीत होते, एकमेकांच्या नियतकालिकांत लिहीत होते. तरीही जर्मन मानसशास्त्रज्ञ ज्याला ‘फोरश्टेलुंग’ म्हणतो त्याला इंग्रजीत नेमके काय म्हणावे, यावर त्यांच्यात एकमत झालेले नव्हते. बाल्डविन यांच्या १९०१ ते १९०५ या काळात प्रसिद्ध झालेल्या तत्त्वज्ञान व मानसशास्त्र यांच्या कोशात इंग्रजी संज्ञांपुढे जर्मन, फ्रेंच व इटालियन प्रतिशब्द देण्याचा खटाटोप याचसाठी होता. नव्या शास्त्राला ‘आंतरराष्ट्रीय’ म्हणवून घेण्याची घाई झाली होती. पण त्याचे अंतरंग अजून भाषाभाषांत वाटले गेलेले होते.

या प्रसंगाचा उल्लेख प्रारंभीच करण्याचे कारण असे, की युरोपीय मानसशास्त्र भारतात आले त्या वाटेचा विचार आपल्याकडे बहुधा ‘पश्चिमेने दिले, पूर्वेने घेतले’ एवढ्याच चौकटीत होतो. देणाऱ्यांचे घर एकभाषी व एकसंध होते, असे त्यात गृहीत धरलेले असते. ते तसे नव्हते. पॅरिस, लाइपझिग, लंडन व ब्रुसेल्स यांच्या आपसांतील देवघेवीतच भाषांतराचा प्रश्न होता, आणि तो तेथे ज्या तऱ्हेने सोडविला गेला अथवा टाळला गेला, त्या तऱ्हेची छाप पुढे म्हैसूर आणि धारवाड येथील कार्यावर पडली. या दोन गावांचा एकत्र विचार सहसा होत नाही. म्हैसूर हे संस्थानची राजधानी, धारवाड मुंबई इलाख्यात. एकीकडे विद्यापीठाची प्रयोगशाळा, दुसरीकडे शाळांतील मुले. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला मात्र ही जोडी महत्त्वाची वाटावी.

म्हैसूर विद्यापीठाची स्थापना १९१६ ची. १९२१ ते १९३० या काळात ब्रजेंद्रनाथ सील हे तेथे कुलगुरू होते. सील यांचे नाव आपल्या अभ्यासक्षेत्राला परके नाही. ‘न्यू एसेज इन क्रिटिसिझम’ हा त्यांचा ग्रंथ १९०३ चा. वैष्णव धर्म व ख्रिस्ती धर्म यांचा त्यांचा तौलनिक अभ्यास त्याहून चार वर्षे आधीचा. दोन संस्कृतींतील वस्तूंची तुलना करावयाची तर त्या दोन्ही आपापल्या इतिहासात समान अवस्थेला पोचलेल्या असल्या पाहिजेत, एकीला दुसरीची प्राथमिक पायरी मानून तुलना होऊ शकत नाही, असा त्यांचा आग्रह होता. १९११ साली लंडनला भरलेल्या जागतिक वंश परिषदेचे पहिले सत्र त्यांच्याच निबंधाने सुरू झाले. वंश, जमात व राष्ट्र या संकल्पनांचा अर्थ लावणारा हा बंगाली तत्त्वज्ञ युरोपच्या व्यासपीठावर पाहुणा म्हणून नव्हे, तर वादातील एक पक्ष म्हणून उभा होता. अशा माणसाच्या कारकीर्दीत, १९२४ साली, महाराजा कॉलेजात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग उघडला गेला. दक्षिण भारतातील तो पहिला. कलकत्त्याचा विभाग त्याच्या आधीचा. त्याचे प्रमुख नरेंद्रनाथ सेनगुप्त हे हार्वर्डला ह्यूगो म्युन्स्टरबेर्ग यांच्या हाताखाली शिकलेले, आणि म्युन्स्टरबेर्ग हे वुंट यांचे शिष्य. लाइपझिगची एक शाखा अशी अमेरिकेमार्गे हुगळीकाठी पोचली होती. दुसरी लंडनमार्गे म्हैसूरला आली.

ती आणणारे एम. व्ही. गोपालस्वामी हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात चार्ल्स स्पिअरमन यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून परतले होते. स्पिअरमन यांचा प्रवासही ध्यानात घेण्याजोगा आहे. ते मुळात ब्रिटिश सैन्यातील अधिकारी. ब्रह्मदेशच्या तिसऱ्या युद्धात त्यांनी भाग घेतला होता. १८९७ साली नोकरी सोडून, चौतिसाव्या वर्षी ते वुंट यांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले. साम्राज्याच्या सीमेवरून निघून लाइपझिगमार्गे लंडनला पोचलेल्या या गृहस्थाच्या हाताखाली पुढे साम्राज्याच्याच दुसऱ्या कोपऱ्यातील विद्यार्थी शिकला, ही गोष्ट आंतरराष्ट्रीय विद्याव्यवहाराच्या त्या काळातील भूगोलाबद्दल बरेच सांगून जाते.

१९०४ साली स्पिअरमन यांनी आपला प्रसिद्ध सिद्धांत मांडला. निरनिराळ्या बौद्धिक कार्यांत एक सामान्य घटक असतो आणि शिवाय त्या-त्या कार्याचा स्वतःचा विशेष घटक असतो, असे ते प्रतिपादन आहे. सामान्य घटकाला ‘बुद्धी’ हे नाव देण्याचे त्यांनी पुढे टाळले व केवळ ‘जी’ या अक्षराने त्याचा निर्देश केला. बुद्धी या शब्दाचा अर्थ भाषेगणिक आणि लेखकागणिक बदलतो, तेव्हा शब्दच बाजूला सारावा आणि अक्षर घ्यावे, अशी ही युक्ती. जिनीव्हाच्या परिषदेला जो पेच सोडवावयाचा होता तो स्पिअरमन यांनी बीजगणिताच्या साहाय्याने ओलांडला, असे म्हणता येईल. पण त्यांचा मूळ पुरावा पाहिला तर मौज वाटते. त्यांनी शाळकरी मुलांचे निरनिराळ्या विषयांतील क्रम आणि स्वरांची उंची ओळखण्याची त्यांची क्षमता यांचे सहसंबंध काढले होते. या मुलांच्या विषयांत अभिजात भाषा, फ्रेंच, इंग्रजी, गणित व संगीत यांचा समावेश होता. आणि या सर्वांत सामान्य घटकाच्या सर्वांत जवळ जाणारा विषय कोणता ठरला, तर ग्रीक-लॅटिन. भाषेपलीकडचे म्हणून जे शोधले ते दोन मृत भाषांच्या व्याकरणात सर्वाधिक सापडले! इंग्लंडमधील सुखवस्तू घरच्या मुलांच्या शाळेत अभिजात भाषांना जे स्थान होते ते पाहता यात नवल नाही. आपल्याकडे एखाद्या वेदपाठशाळेत हाच प्रयोग झाला असता तर तो मान कदाचित पाणिनीकडे गेला असता.

गोपालस्वामी यांचे लंडनमधील संशोधन या परंपरेतले, पण भाषेपासून आणखी दूर गेलेले. १९२४ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी’मध्ये त्यांचा लेख आला तो कारक अध्ययनातील, म्हणजे हातापायांच्या कौशल्यांच्या शिक्षणातील, बुद्धीच्या वाट्याविषयी. आरशात पाहून आकृती गिरवावयाची, हे या प्रकारच्या प्रयोगांचे परिचित रूप होय. हात उजवीकडे न्यावा तर आरसा निराळे सांगतो. चुका मोजायच्या, वेळ मोजायचा, सराव वाढेल तशी सुधारणा टिपायची. यात प्रयुक्ताला एकही शब्द उच्चारावा लागत नाही. कन्नड, तमिळ, उर्दू व मराठी बोलणारी माणसे एकाच पेठेत नांदत होती अशा म्हैसूरसारख्या शहरात प्रयोगशाळा उभारू पाहणाऱ्याला हा मार्ग सोयीचा वाटला असल्यास ते स्वाभाविकच म्हणावे लागेल.

येथे एका गोष्टीची खंत नोंदवावीशी वाटते. वुंट यांच्या विचाराला दोन अंगे होती. प्रयोगशाळेत संवेदना, अवधान, प्रतिक्रियाकाल यांसारख्या प्रक्रियांचा अभ्यास होऊ शकतो. परंतु विचार, भाषा, पुराकथा, रूढी या गोष्टी एकट्या माणसाच्या नव्हेत, समूहाच्या आहेत, आणि त्यांना प्रयोग पुरा पडत नाही, असे ते मानीत. या दुसऱ्या अंगासाठी त्यांनी १९०० ते १९२० या काळात लोकमानसशास्त्रावरील दहा खंड लिहिले, आणि त्यांचा आरंभ भाषेपासून केला. युरोपच्या आपसांतील देवघेवीत पहिले अंग झपाट्याने पसरले, कारण उपकरण पेटीत घालून नेता येते. दुसरे अंग जर्मनीबाहेर फारसे गेले नाही. म्हैसूरला जे आले ते पहिले अंग, तेही लंडनच्या गाळणीतून. वास्तविक सील यांच्यासारखा तुलनाशास्त्रज्ञ कुलगुरू आणि संस्कृतचे प्राध्यापक म्हणून एम. हिरियण्णा यांच्यासारखा पंडित ज्या विद्यापीठात होता, तेथे दुसऱ्या अंगाला जितकी अनुकूल भूमी मिळाली असती तितकी क्वचितच अन्यत्र मिळाली असती. दोन्ही गोष्टी एकाच आवारात होत्या. त्यांची गाठ मात्र पडली नाही.

गोपालस्वामी यांना शब्दांचे वावडे होते असे मात्र कोणी समजू नये. १९३५ साली याच मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने म्हैसूरच्या आपल्या राहत्या घरातून एक लहानसे नभोवाणी केंद्र सुरू केले. ‘आकाशवाणी’ हे त्या केंद्राचे नाव पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीचे झाले. प्रयोगशाळेत ज्यांनी भाषा बाजूला ठेवली त्यांच्याच घरातून दक्षिणेतील एका भाषेचा आवाज लहरींवर चढला, हा योगायोग लक्षणीय आहे.

म्हैसूर आणि युरोप यांच्यात दुसऱ्या प्रकारचा संवाद घडला तो प्रयोगशाळेबाहेर. व्ही. सुब्रह्मण्य अय्यर हे म्हैसूर विद्यापीठाचे निवृत्त कुलसचिव आणि महाराज कृष्णराज वडियार (चौथे) यांचे वेदान्तातील मार्गदर्शक. १९३७ साली पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय तत्त्वज्ञान परिषदेला ते गेले, आणि त्याच प्रवासात पॉल ब्रंटन यांच्यासह झुरिकजवळ क्यूसनाख्त येथे कार्ल गुस्ताव युंग यांना भेटले. पुढे थोड्याच महिन्यांत भारतीय विज्ञान परिषदेच्या रौप्यमहोत्सवी अधिवेशनाच्या निमित्ताने युंग भारतात आले. जानेवारी १९३८ मधील कलकत्त्याच्या या अधिवेशनासाठी युरोपातून आलेल्यांत स्पिअरमन होते, केंब्रिजची परंपरा घडविणारे चार्ल्स मायर्स होते. या दौऱ्यात युंग काही काळ म्हैसूरच्या महाराजांचे पाहुणे होते आणि अय्यर यांच्याशी त्यांची दीर्घ चर्चा झाली, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. दोघांचा पत्रव्यवहार त्यानंतरही चालू राहिला.

वाद कशाविषयी होता? अय्यर अद्वैती. अहंकाराचे निरसन झाल्यावर जे उरते तेच सत्य, असा त्यांचा पक्ष. युंग यांचे म्हणणे साधारणपणे असे, की जाणणारा ‘मी’च उरला नाही तर जाणीव झाली हे सांगणार कोण? द्वंद्वांतून सुटण्याची ओढ योग्य, पण ती सुटका एका मर्यादेपर्यंतच. कारण द्वंद्व संपले की जगणेही संपते. वरवर पाहता हा पूर्व-पश्चिम वाद. पण १९२१ सालच्या आपल्या व्यक्तिमत्त्वप्रकारांवरील ग्रंथात युंग यांनी उपनिषदांतील ब्रह्म-आत्म विचाराचा व द्वंद्वकल्पनेचा आधार घेतलेला होता. आपल्या ‘सेल्बस्ट’ या संज्ञेत त्यांनी ‘आत्मन्’चा काही अर्थ आधीच ओतला होता. म्हणजे म्हैसूरच्या पंडितापुढे येत होती ती जर्मनमध्ये जाऊन, रूप पालटून परतलेली आपलीच संज्ञा. अय्यर यांना ती ओळखू आली, आणि म्हणूनच तिच्यातील बदल त्यांना मान्य झाला नाही. साहित्यातील परतभाषांतराचे अभ्यासक या अवस्थेशी परिचित आहेत. मराठीतील ‘नेणीव’ या शब्दाचे उदाहरण यापुढे ठेवता येईल. फ्रॉइड-युंग यांच्या संकल्पनेसाठी मराठी लेखकांनी ‘अबोध मन’, ‘सुप्त मन’ असे शब्द वापरले तसा ‘नेणीव’ही वापरला. संतवाङ्मयातील जाणीव-नेणीव या जोडीतून आलेला हा शब्द आपल्याबरोबर अज्ञानाचा अर्थ आणतो, दडपलेल्या वासनेचा नव्हे. त्यामुळे मराठी समीक्षेत ‘नेणिवेतून आलेली प्रतिमा’ असे जेव्हा आपण लिहितो तेव्हा व्हिएन्ना आणि आळंदी यांपैकी नेमके कोठे उभे आहोत, हे नेहमीच स्पष्ट असते असे नाही.

पत्रांची व परिषदांची ही उच्चस्तरीय देवघेव चालू होण्याआधीच धारवाडला एका निराळ्या कामाला आकार आला होता. १९३४ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ एज्युकेशनल सायकॉलॉजी’मध्ये व्ही. व्ही. कामत यांचा लेख प्रसिद्ध झाला. बिने यांच्या बुद्धिमापन श्रेणीची कन्नड व मराठी भाषक मुलांसाठी केलेली सुधारित आवृत्ती, हा त्याचा विषय. १९४० साली भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा ग्रंथ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढला. आज ‘बिने–कामत कसोटी’ म्हणून ती परिचित आहे.

आल्फ्रेड बिने व तेओदोर सिमाँ यांची श्रेणी १९०५ ची. १९०८ मध्ये तिची मांडणी वयानुसार झाली. १९११ मध्ये अखेरची दुरुस्ती झाली आणि त्याच वर्षी बिने वारले. तिचा प्रवास स्पिअरमन यांच्या अक्षराहून अगदी भिन्न आहे, कारण ती शब्दांची बनलेली आहे. ब्रुसेल्सला ओव्हिद देक्रोली यांनी ती वापरून पाहिली तेव्हा तेथील मुले पॅरिसच्या मुलांहून सरस ठरली. भाषा तर दोन्हीकडे फ्रेंचच. उलगडा असा झाला, की बिने यांची मुले गरीब वस्तीतील शाळांची होती आणि देक्रोली यांची संपन्न घरांतील. वर्गभेद हा भाषेच्या आतला भेद आहे, हे युरोपीय मानसशास्त्रज्ञांना आपसांतील देवघेवीमुळेच असे आकड्यांत दिसले. ब्रेस्लाउला बोबर्टाग यांनी जर्मन आवृत्ती केली. विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची रीत सुचविली. कॅलिफोर्नियात लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये त्या भागाकाराला शंभराने गुणले, आणि ‘बुद्धिगुणांक’ जन्मास आला. फ्रेंच प्रश्न, जर्मन भागाकार, अमेरिकन गुणाकार: धारवाडला जी वस्तू पोचली ती एवढ्या हातांतून गेलेली होती.

आता हे शब्द कन्नडमध्ये आणि मराठीत एकदम न्यायचे म्हणजे काय, ते पाहू. बिने यांच्या १९०८ च्या श्रेणीत आठ वर्षांच्या मुलाला वीसपासून उलटे मोजावयास सांगितले आहे. मराठी मूल ‘वीस’ म्हटल्यावर ‘एकोणीस’ म्हणते, आणि या शब्दाच्या पोटात ‘विसाला एक उणा’ हा अर्थ दडलेला आहे. उलटे मोजण्याची क्रिया जणू शब्दातच शिल्लक आहे. कन्नड मूल ‘हत्तोंबत्तु’ म्हणते, म्हणजे दहा आणि नऊ. एकाच वर्गाच्या दोन बाकांवर बसलेल्या दोन मुलांपुढे हा प्रश्न एकच राहतो काय? दुसरा प्रश्न यमकाचा. बिने यांनी ‘ओबेइसाँस’ (आज्ञाधारकपणा) या शब्दाला जुळणारे शब्द मागितले होते. टर्मन यांनी त्याजागी एकाक्षरी सोपे इंग्रजी शब्द घेतले. मराठी मुलाच्या कानात ओवी-अभंगांचे अंत्ययमक असते. कन्नड काव्यपरंपरेत मात्र प्रास म्हणजे प्रामुख्याने प्रत्येक चरणाच्या दुसऱ्या अक्षराची जुळणी. शेवट जुळवा, असे सांगणे एका परंपरेत स्वाभाविक, दुसरीत जरा आडवळणाचे. तिसरा प्रश्न, तीन दिलेल्या शब्दांचे एक वाक्य करणे: पॅरिस, ओहोळ आणि ‘फोर्त्यून’. या शेवटच्या शब्दात नशीब आणि संपत्ती हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, तेव्हा फ्रेंच मुलाला वाक्य जुळवायला दोन वाटा मोकळ्या. मराठीत ‘दैव’ घेतले की एक वाट बुजते, ‘पैसा’ घेतला की दुसरी. टर्मन यांनी तिन्ही शब्दच बदलून टाकले. काव्यानुवादक ज्या अडचणी वर्षानुवर्षे चघळतो त्या येथे मुलाच्या वयाचे महिने होऊन बसतात.

कामत यांच्या कार्याचे मोल या दृष्टीने ठरवावयास हवे. त्यांनी भाषेला टाळून वाट काढली नाही. एकाच गावात, एकाच राज्यव्यवस्थेखाली राहणाऱ्या दोन भाषांतील मुलांसाठी त्यांनी एका श्रेणीची दोन रूपे सिद्ध केली. त्यामुळे पॅरिसशी तुलना करण्याआधी त्यांना आपसांत तुलना करावी लागली. हे काम शिक्षणशास्त्राच्या कपाटात ठेवले गेले. आपल्याकडील भाषांतरविचाराच्या इतिहासांत त्याचा उल्लेख आढळत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते ही मोठीच उणीव आहे, कारण फ्रेंच, इंग्रजी, कन्नड व मराठी यांत एका मजकुराच्या समतुल्यतेची आकड्यांनी परीक्षा घेण्याचे असे उदाहरण साहित्यव्यवहारात सापडणे कठीण.

अर्थात कसोटीच्या दोन भाषा म्हणजे मुलांच्या दोनच भाषा नव्हेत. धारवाड-बेळगाव भागात घरी कोकणी, उर्दू किंवा लमाणी बोलणारे मूल शाळेत मराठी अथवा कन्नड शिकत असते. त्याची परीक्षा कोणत्या रूपाने घ्यावी? ब्रुसेल्समध्ये जो भेद एका भाषेच्या पोटात सापडला तो येथे भाषेच्या आणि जातीच्या अशा दोन्ही कड्यांनी बांधलेला होता. संख्या काढणाऱ्याला संख्या मिळते. ती भाषेची, घराची की बुद्धीची, हे संख्या सांगत नाही.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत धारवाड म्हैसूर राज्यात आले, आणि स्पिअरमन यांची परंपरा व बिने यांची परंपरा एका राज्याच्या नकाशावर आल्या. म्हैसूर शहरातच पुढे वाक् व श्रवण यांची अखिल भारतीय संस्था १९६५ मध्ये आणि भारतीय भाषांची केंद्रीय संस्था १९६९ मध्ये उभी राहिली. उच्चार, भाषा आणि मुलाचे मन यांचा एकत्र विचार करण्याची सोय त्या नगरीत अशी उशिरा झाली. इकडे बिने–कामत कसोटी देशभरातील रुग्णालयांत व बालमार्गदर्शन केंद्रांत रुळली, आणि बौद्धिक अक्षमतेचे निदान व प्रमाणपत्र यांसाठी ती वापरात राहिली आहे. प्रमाणपत्रावर गुणांक लिहिला जातो, त्यावरून मुलाची शाळा, सवलत आणि पुष्कळदा घरातील स्थान ठरते. प्रश्न त्याला कोणत्या भाषेत विचारले गेले, आणि घरी तो कोणत्या भाषेत विसापासून मागे मोजतो, हे लिहिण्यासाठी मात्र रकाना नसतो.